पाच फुटांचा पाइप

माझ्या गॅरेजात पाच फुटांचा एक लोखंडी पाइप होता. बोअरवेल खोदणाऱ्यांनी टाकून दिलेला, जाडजूड, एका टोकाला जरा चेपलेला. चाकाचे नट कसायचा जो पाना असतो, त्याच्या दांड्यावर हा पाइप चढवायचा आणि मग पाइपावर मी चढायचो. चढायचो म्हणजे खरोखर चढायचो. दोन्ही पाय पाइपावर, एक हात गाडीच्या टपाला, आणि ब्याऐंशी किलो वजनाचे दोन हिसके. नट 'कर्र' करून ओरडायचा. गिऱ्हाईक बाकावरून बघत असायचं आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं. आमगावहून सालेकशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या काळी तीन गॅरेजं होती, पण पाइपावर चढणारा मिस्त्री एकच. चार गावांत माझी ओळख तीच होती. "मेश्राम मिस्त्री का? तो पाइपवाला?"

त्या पाइपाने सुखदेव मडावी नावाच्या एका चांगल्या ड्रायव्हरची नोकरी घालवली. पाइपाने म्हणजे मीच. पण पाइपाला तोंड नाही, त्यामुळे बरीच वर्षं ही गोष्ट मी त्याच्या नावावर सांगत आलो. आता गॅरेज बंद आहे, गुडघे कुरकुरतात, तेव्हा एकदा नीट सांगून टाकतो.

आधी पाइप कुठून आला ते. धंद्यात नवा होतो तेव्हा एका वरातीच्या जीपचं पंक्चर काढून दिलं. चाक बसवलं, नट हाताने फिरवून जागेवर आणले, तेवढ्यात कोणीतरी चहा आणला. चहा प्यालो आणि जीप निघून गेली. पान्याने नट कसायचे राहूनच गेले. मैलभर गेल्यावर पुढे बसलेल्या नवरदेवाला एक चाक जीपला ओलांडून पुढे जाताना दिसलं. तो ड्रायव्हरला म्हणाला, "हे चाक कोनाचं हाय जी?" ड्रायव्हर म्हणाला, "आपलंच दिसते." मग जीप एका अंगावर टेकली. चाक तसंच पुढे उन्हाळी धानाच्या बांधीत उतरलं आणि चिखलात मधोमध उभं राहिलं. कोणाला खरचटलंही नाही. नवरदेव मात्र उरलेला रस्ता सायकलच्या दांडीवर बसून गेला, बाशिंग एका हाताने धरून. त्या लग्नात अक्षता कमी आणि माझ्या नावाने शिव्या जास्त पडल्या, असं पुष्कळ दिवस ऐकत होतो.

त्या दिवशी ठरवलं, माझ्या हातून नट पुन्हा सैल राहणार नाही. बोअरवेलवाल्यांचा पाइप उचलून आणला. माणूस एका चुकीतून धडा घेतो तेव्हा तो धडा किती मापाचा घ्यायचा हे त्याला कोणी सांगत नाही. मी पाच फुटांचा घेतला.

आता थोडं ब्रेकविषयी, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पिकअप गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे एक बिडाची तबकडी असते, भाकरीच्या तव्याएवढी. तिला डिस्क म्हणतात. चाक फिरतं तशी ती फिरते. ब्रेकचं पायडल दाबलं की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. सगळा खेळ त्या चिमटीचा. डिस्क सरळ असेल तर पायाला काही कळत नाही. ती केसाएवढी जरी वाकडी झाली, डोळ्याला अजिबात दिसणार नाही इतकी, तरी पॅड तिच्यावर एकदा चढतात, एकदा उतरतात, आणि हा धक्का स्टेअरिंगला आणि पायाला लागतो. ब्रेक मारला की गाडी नाचते. रिकाम्या गाडीत ते नुसतं त्रासाचं असतं. पण मागे पोती असतील, पुढे घाटाचं वळण असेल, तर ड्रायव्हरला ब्रेकचा भरवसा वाटेनासा होतो आणि तो दाबायचा तिथे दाबत नाही.

सुखदेवने गाडी पहिल्यांदा आणली ती याच तक्रारीसाठी. बुटका, दाट मिशांचा, कमी बोलणारा माणूस. इंजिन बंद करण्याआधी अर्धा मिनिट तसाच बसून ऐकायचा, जसं घरातलं माणूस झोपलं की नाही ते ऐकावं. तांदळाचे व्यापारी रहांगडालेजी यांची पिकअप तो अकरा वर्षं चालवत होता. जाताना सालेकशापुढच्या घाटापलीकडे तांदूळ, येताना तिकडचा धान. अकरा वर्षांत त्या गाडीच्या रंगावर ओरखडा नव्हता.

"मिस्त्री, ब्रेक मारलो का स्टेरिंग थरथरते," तो म्हणाला.

"किती थरथरते?"

"हातात चहाचा कप ठरनार नाई, इतकं."

"गाडी चालवताना चहा कायले पितोस?"

"पित नाई जी. माप सांगून राहिलो."

डिस्क जुन्या झाल्याच होत्या. दोन्ही नव्या घातल्या, पॅड नवे घातले, आणि शेवटी पाइपावर चढलो. नट ओरडले. सुखदेवने गाडी नेली, मोकळ्या रस्त्यावर चारदा ब्रेक मारून पाहिला आणि येऊन मान डोलावली. वीस-बावीस दिवसांनी तो परत आला.

"थरथरते जी."

मी पार्टवाल्याला फोन लावला आणि त्याने मला नकली माल विकला असं त्याच्या दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तो गरीब म्हणाला, दुसऱ्या नेऊन टाका. दुसऱ्या टाकल्या. पाइपावर चढलो. वीस दिवस.

तिसऱ्या खेपेला डिस्क गोंदियाला खरादीवर, म्हणजे लेथवर, पाठवल्या. तिथे इस्माईलचाचा नावाचा म्हातारा खरादी होता, चष्म्याच्या एका काडीऐवजी दोरा बांधलेला. त्याच्या खरादीवर चढलेली वस्तू सरळ होऊनच उतरायची, मग ती डिस्क असो की माणूस. त्याने डिस्कच्या दोन्ही तोंडांवर हात फिरवून, पातळ सालं काढून, आरशासारख्या करून दिल्या. मी बसवल्या. चढलो. वीस दिवस.

आता गोष्ट इभ्रतीवर आली. तेव्हा मी ठरवलं की गाडीत स्वतः बसून जायचं. खरं कारण सांगायचं तर मला घाट पाहायचा होता आणि गॅरेजात त्या दिवशी उकडत होतं.

परतीच्या वाटेवर मागे धानाची पोती होती. घाटाच्या माथ्यावर सुखदेवने गाडी थांबवून दुसरा गिअर टाकला आणि त्याच गिअरमध्ये खालपर्यंत आणली. इंजिनच गाडी धरून ठेवत होतं, ब्रेकला पाय क्वचित लागत होता. घाटात कसं उतरावं हे शिकवायला पुस्तक लिहिलं तर त्यात याचाच फोटो छापावा लागेल. मी हे पाहिलं आणि लगेच विसरलो, कारण मला दोष शोधायचा होता आणि यात दोष नव्हता.

घाट संपतो तिथे मोहाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला एक दगड आहे. शेजारी बांबूला झेंडा. सगळे ड्रायव्हर तिथे थांबतात. सुखदेवने गाडी थांबवली, सीटमागून पाण्याची कॅन आणि पितळेचा लोटा काढला. दगडाला पाणी घातलं, अगरबत्ती लावली, आणि मग उरलेलं पाणी पुढच्या दोन्ही चाकांवर, आतपर्यंत जाईल असं, शांतपणे ओतलं.

मी उडीच मारली. "अरे, हे काय करून राहिला तू?"

"गाडीचे पाय धुतो जी. दरदिवसाचा नेम हाय."

सापडला चोर! तापलेल्या डिस्कवर गार पाणी टाकलं तर ती वाकडी होऊ शकते. चुलीवरच्या तापल्या तव्यावर पाणी ओतून पाहा, म्हणजे कळेल. ही गोष्ट खरीच आहे, आणि उन्हात गाडी पळवून लगेच धुवायला नेणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. शिवाय आमच्या घरी दगडाला हात जोडायची रीत नाही. वडिलांपासून आम्ही बुद्धवंदना म्हणणारे. त्यामुळे एका बाजूला विज्ञान घेऊन मी आणि दुसऱ्या बाजूला लोटा घेऊन हा, असा देखावा मला फारच आवडला. त्या झाडाखाली मी अर्धा तास व्याख्यान दिलं. सुखदेव ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मंग गाडीचे पाय?"

"कुंकू लाव. पाणी नाही."

"देवाले कसं सांगू?"

"माझं नाव सांग."

त्याने लोटा कॅनवर पालथा ठेवला. तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं की चाकावर पाणी पडलं तेव्हा नुसतं ओघळलं होतं. वाफ नव्हती, आवाज नव्हता. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलेल्या गाडीची डिस्क तापलेलीच नव्हती. पण पुढे महिनाभर मी ही हकिगत ज्याला त्याला सांगताना 'पाणी पडलं आणि छन्न झालं' असं सांगत होतो. ते छन्न माझं स्वतःचं होतं. सांगून सांगून मलाही ते ऐकू येऊ लागलं होतं.

डिस्क पुन्हा खरादीवर गेल्या, पुन्हा आल्या, मी पुन्हा चढलो. वीस दिवसांनी गाडी पुन्हा दारात. या वेळी सोबत स्कूटरवर रहांगडालेजी होते. नवरात्राचे दिवस होते, शेजारच्या चहाच्या टपरीवर आठ-दहा माणसं होती. रहांगडालेजी उंच आवाजाचे. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

"मिस्त्री, मले एक सांगा. गाडीत खोट हाय का ड्रायव्हरमंदी?"

असा प्रश्न आला की मिस्त्रीकडे तीन उत्तरं असतात. गाडी, ड्रायव्हर, किंवा मिस्त्री. तिसरं कोणी विचारतच नाही.

"पार्ट चांगला, खराद चांगली," मी म्हणालो. "आता पाणी टाकणं सोडलं नसेल, नाही तर घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरत असेल. दुसरं काय?"

सुखदेव गाडीपाशी उभा होता. "नाई टाकलो जी," तो म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला, मालकाकडे नाही. "त्या दिवसापासून एक डाव नाई टाकलो."

रहांगडालेजी म्हणाले, "सुखदेव, मिस्त्रीले का खोटं बोलाची गरज हाय?"

ही गोष्ट खरी होती. मला खोटं बोलायची गरज नव्हती. खोटं माझ्याकडून बिनगरजेचं झालं होतं.

सुखदेवने पुढे येऊन गाडीची चावी माझ्या कामाच्या टेबलावर ठेवली, पान्यांच्या मधे. मग गाडीत जाऊन सीटमागचा लोटा काढला, गमछ्यात गुंडाळला आणि रस्त्यावर उभा राहून सालेकशाकडे जाणाऱ्या काळी-पिवळीत बसून गेला. टपरीवरचा एकजण म्हणाला, "पानी टाकत होता म्हने." दुसरा म्हणाला, "छन्न झालं म्हने."

पिकअपवर रहांगडालेजींचा भाचा बसला. हा दगडापाशी थांबायचा नाही, मोबाइलशिवाय कशाला हात लावायचा नाही आणि घाटाला घाबरून गाडी बैलगाडीसारखी उतरवायचा. मी खरादलेल्या डिस्क बसवल्या, पाइपावर चढलो आणि निर्धास्त झालो. विसाव्या दिवशी भाचा आला. "मामाने पाठवलं. गाडी नाचून राहिली."

घरी जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आता भाचा तं देवाले पानी टाकत नाई. मंग कोनाचं नाव सांगता?"

दुसऱ्या दिवशी त्या डिस्क घेऊन मी स्वतः गोंदियाला गेलो. इस्माईलचाचाला सुखदेवचं, भाच्याचं सगळं सांगितलं आणि म्हणालो की तुमची खराद झिजली असावी. त्याने चहा मागवला. डिस्क खरादीवर चढवल्या, डायल लावला. डायल म्हणजे घड्याळासारखं एक यंत्र असतं, त्याचा काटा केसाचा दहावा भागसुद्धा दाखवतो. डिस्क फिरली. काटा जरासा हलला, पण गाडी नाचावी इतका नाही.

"मेश्राम," चाचा म्हणाला, "मेरे यहाँ से सीधी जाती है। यहाँ वापस आती है तो भी क़रीब-क़रीब सीधी है। मतलब टेढ़ी सिर्फ़ तेरे यहाँ रहती है। बीच में कौन है?"

"ड्रायव्हर."

"ड्रायव्हर तो बदल गया। तू बदला क्या?"

तो म्हातारा दुकान बंद करून, डायल फडक्यात गुंडाळून माझ्याबरोबर निघाला. गॅरेजात आल्यावर गाडी जॅकवर घेतली, डिस्क बसवली, चाक लावलं. चाचाने चाकाच्या मागच्या बाजूने डिस्कवर डायल टेकवला आणि म्हणाला, "जैसे रोज कसता है, वैसे कस।"

गाडी खाली उतरवून मी कसू लागलो. एका नटापासून सुरुवात करून शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, असं गोल. प्रत्येकावर चढून. चाचा बाकावर बसून बघत होता. गिऱ्हाइकं बघायची तसं नाही. मग गाडी उचलली आणि चाक हाताने फिरवलं. डायलचा काटा एकीकडून दुसरीकडे असा गेला की जणू कोणी त्याला हाक मारत होतं.

चाचाने सगळे नट सैल केले. साधा पाना घेतला, पाइपाशिवाय. एक नट थोडा आवळला, मग त्याच्या समोरचा, मग उरलेल्यांपैकी एक आणि त्याच्या समोरचा. सगळे थोडे थोडे. पुन्हा तीच फेरी, थोडी जास्त. मग तिसरी. चाक फिरवलं. काटा उभाच राहिला. भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ असतं तसा.

समजायला अवघड काही नव्हतं. नट एका बाजूने भरमसाट कसले की डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाभ्यावर, तिरकी दाबून बसते, पापड एका कडेला दाबून धरावा तशी. पहिल्या दिवशी जाणवत नाही. मग रोज ओझं, रोज घाट, रोज गरम-गार, आणि त्या तिरक्या जागी पॅड घासत घासत डिस्क एका बाजूला झिजते. तिरकेपणा आणि ही जराशी झीज मिळून वीस दिवसांत गाडी नाचू लागते. बाकीच्या गिऱ्हाइकांच्या गाड्याही माझ्या कृपेने नाचत असणारच. पण ते रस्त्याला दोष द्यायचे, आणि आमच्याकडचा रस्ता असला आरोप नेहमी निमूटपणे मान्य करतो. शिवाय डिस्क पुन्हा काढली तेव्हा हबच्या तोंडावर जरासा गंजही निघाला. तो घासून साफ न करताच मी पाच वेळा डिस्क बसवली होती. चाचाने तो नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. जणू प्रसाद.

"ये पाइप किसलिए है?" त्याने विचारलं.

"चढने के लिए," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

चाचा हसला नाही. म्हणाला, "वो मडावी कहाँ है आजकल?"

मी आधी रहांगडालेजींकडे गेलो. सगळं सांगितलं. ते तांदळाची मूठ हातात घेऊन दाणे बघत होते. म्हणाले, "तुमचं ऐकून मी त्याले काढलो. आता तुमचं ऐकून ठेवू? मिस्त्री, तुमी कोनत्याही एका बाजूनं उभे राहा." मग ते दाणे पोत्यात टाकून म्हणाले, "भाचा घाटात जायले नाई म्हनून राहिला. सुखदेव येत असन तर येऊ द्या. पन मी बोलवाले जात नाई. तोंड तुमी उघडलं होतं, तुमीच जा."

मी गेलो. सालेकशाच्या पुढे आत त्याचं गाव. धान कापणी चालू होती, आणि तो दुसऱ्याच्या बांधीत रोजीने कापत होता. अकरा वर्षं स्टेअरिंग धरलेल्या हातात विळा होता आणि हाताला फडकं बांधलेलं होतं. शेजारच्या ओळीत त्याची बायको कापत होती. मी बांधावर उभा राहिलो.

"सुखदेवभाऊ."

त्याने वर पाहिलं. "हा भारा बांधतो जी, मंग सांगा."

भारा बांधून झाला. मी सांगितलं. डायल, काटा, गंज, पाइप. 'छन्न' झालं नव्हतं हेही सांगितलं. ते सांगताना पाइपावर चढण्यापेक्षा जास्त जोर लागला. त्याची बायको विळा थांबवून ऐकत होती. ती म्हणाली, "तुमी पाइपावर चढले, अन् गाडीवरून उतरले हे."

मी पायातल्या चपला काढून बांधीत उतरलो.

मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा गप्प राहील, किंवा नोकरीचं विचारेल. त्याने फडकं सोडून हात पुसले आणि विचारलं, "म्हंजे पानी टाकल्यानं नाई होय."

"नाही."

"मंग पानी टाकता येते?"

इथे मला 'हो' म्हणून मोकळं होता आलं असतं. त्याला तेच हवं होतं आणि मी त्याचं देणं लागत होतो. पण त्या माणसाला मी एकदा चुकीचं सांगून चुकलो होतो. दुसऱ्यांदा गोड सांगून चुकायचं नव्हतं. म्हणालो, "तू दुसऱ्या गिअरमध्ये उतरतोस, तुझी डिस्क तापत नाही. तरी एखाद्या दिवशी ब्रेक जास्त लागला, तर पाणी लगेच टाकू नको. एक बिडी होईल इतका वेळ थांब. मग टाक."

"मी बिडी पित नाई."

"मग नुसता बसून राहा."

त्याने फडकं पुन्हा हाताला बांधलं. मग म्हणाला, "देवाले बिडीभर थांबाले सांगतो."

येण्याबद्दल त्याची एकच अट होती. चावी तो मालकाच्या हातून घेणार नव्हता. जिथे ठेवली तिथून उचलणार होता, आणि टपरीवर माणसं असतील तेव्हाच.

म्हणून पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी रहांगडालेजी स्वतः पिकअप घेऊन माझ्या गॅरेजात आले. "माझी गाडी, माझी चावी, अन् ठेवाले टेबल तुमचं," असं पुटपुटत त्यांनी चावी पान्यांच्या मधे ठेवली. टपरी भरलेली होती. मी टपरीकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, "पाणी नव्हतं. पाइप होता. चूक माझी." एकजण म्हणाला, "मंग छन्न कायचं झालं?" मी म्हणालो, "तेही माझंच."

सुखदेवने चावीकडे पाहिलं पण हात लावला नाही. "आधी नट," म्हणाला.

त्याने माझ्याकडून दोन्ही पुढच्या चाकांचे सगळे नट सोडवून घेतले, चाकं काढून हब घासून घेतले आणि पुन्हा कसायला लावले. समोरासमोर, तीन फेऱ्यांत, साध्या पान्याने. तो माझ्या डोक्यावर उभा होता आणि मी मांडी घालून खाली बसलो होतो. एका नटाला मी सवयीने जास्त रेटा दिला तर म्हणाला, "मिस्त्री, उतरा." मी जमिनीवरच होतो, तरी मला कळलं. शेवटचा नट मात्र त्याने माझ्या हातून पाना घेऊन स्वतः कसला. मग चावी उचलली, गाडी सुरू केली, अर्धा मिनिट ऐकली.

निघताना परत खाली उतरला आणि कोपऱ्यातला पाइप खांद्यावर घेतला.

"तो कायले?"

"झेंड्याले. बांबू दर पावसात सडते."

मी नाही म्हणू शकलो नाही. नवी गिऱ्हाइकं मग काही दिवस विचारत राहिली, मिस्त्री चढत काऊन नाही? मी त्यांना समोरासमोरच्या नटांचं सांगायचो. त्यांचा विश्वास बसायचा नाही. दोन-तीन गिऱ्हाइकं गेलीसुद्धा. आता गोंदियाच्या टायरच्या दुकानांत हवेवर चालणारी बंदूक आली आहे. 'टर्रर्र' करते आणि एका दमात सगळे नट गोलाकार आवळून टाकते. आवाज ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा उजळतो. मी लांबून बघतो. माझाच पाइप, फक्त हवेची नळी लावलेला. अशा ठिकाणाहून गाडी आणली तर घरी येऊन नट सैल करून हाताने पुन्हा कसावेत, इतकंच सांगतो. कोणी करत नाही.

रहांगडालेजींच्या पिकअपची डिस्क त्यानंतर बदलली ती झिजून पातळ झाल्यावर, जशी बदलायला हवी तशी. गॅरेज चालू होतं तोवर सुखदेव गाडी माझ्याकडेच आणायचा, आणि शेवटचा नट शेवटपर्यंत स्वतःच कसायचा. त्याने कधी काही बोलून दाखवलं नाही. पण पाना माझ्या हातून घेताना तो माझ्याकडे बघायचा नाही, आणि मी नटाकडे बघायचो.

गेल्या हिवाळ्यात मी घाटापलीकडे एका नातेवाइकाकडे गेलो होतो, येताना सुखदेवच्याच गाडीत बसलो. दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरलो. खाली मोहाच्या झाडाशी तो थांबला, इंजिन बंद केलं आणि दगडाशेजारी मांडी घालून बसला. लोटा भरून समोर ठेवलेला. मीही बसलो. बिडीभर वेळ म्हणजे किती असतो हे आम्हा दोघांनाही नीट माहीत नाही, त्यामुळे बराच वेळ बसलो. झेंडा वर फडफडत होता. पाइप गंजला आहे, चेपलेलं टोक वरच्या बाजूला आहे, पण इतक्या पावसाळ्यांत जराही वाकलेला नाही.

मग सुखदेव उठला, पुढची दोन्ही चाकं धुतली आणि माझ्याकडे वळला. "मिस्त्री, हात जोडा. मंग निघू."

मी जोडले. दगडाला नाही, आमच्या घरी तशी रीत नाही. मान जरा वर करून, पाइपाला.